पद्मिनी रस्त्यावरून गेली कशी?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांच्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली आहेत.)



एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतो. मुंबईत तुम्ही प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत शेवटचं कधी बसलात? वर्ष आठवतंय का कुणाला? ... नाही ना? मलाही आठवत नाही. पहिल्यांदा कधी बसलो ते मात्र पक्कं आठवतं. रात्रीची गाडी पहाटे दादरला पोचली होती. आम्ही चौघं, एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक आणि आंब्याची पेटी. ड्रायव्हरने ट्रंक टपावर टाकली, दोरीने करकचून बांधली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूचा मीटर खाली पाडला आणि मगच आत येऊन बसला. हे सगळं आठवतं. पण शेवटचा प्रवास? तो कधी होऊन गेला, कळलंच नाही.

आजच्या विषयाची अडचण हीच आहे. दुर्मिळ वस्तू नाहीशी झाली की बातमी होते. जी वस्तू दर कोपऱ्यावर उभी असते, ती एकेक करून कमी होते आणि आपल्या ते लक्षातच येत नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या वर काळ्या-पिवळ्या टॅक्स्या होत्या असं टॅक्सी संघटना सांगतात, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या पद्मिनीच. २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून अधिकृतपणे एकही उरली नाही.

हे कसं झालं? ‘गाडी जुनी झाली म्हणून गेली’ हे उत्तर सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. गाडी तर १९७० मध्येही जुनीच होती! मला आज एवढंच मांडायचं आहे की रस्त्यावरची गाडी एकटी धावत नसते. सरकारचं धोरण, जवळचा कारखाना, परमिट, गॅरेज, सुटे भाग, इंधन अशा पाच-सहा गोष्टींनी तिला धरून ठेवलेलं असतं. त्या गोष्टी सुटत गेल्या की चालू स्थितीतली गाडीसुद्धा रस्त्यावरून जाते. पद्मिनीच्या बाबतीत हे फार स्वच्छ दिसतं.

कुर्ल्याचा कारखाना

सुरुवात वालचंद हिराचंद यांच्यापासून करावी लागते. सोलापूरचा हा माणूस. जहाजं, विमानं आणि मोटारी हे तिन्ही उद्योग या देशात उभे राहावेत म्हणून धडपडला. मोटारींच्या कारखान्याची कल्पना तीसच्या दशकातली, आणि त्यात विश्वेश्वरय्यांचाही मोठा वाटा होता. इंग्रज सरकारला यात रस नव्हता, त्यामुळे गाडं अडून राहिलं. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीचा करार अमेरिकेतल्या क्रायस्लरशी. डॉज, डिसोटो, प्लिमथ ही नावं आमच्या वडिलांच्या पिढीला चांगली माहीत होती. पुढे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी हातमिळवणी झाली.

आता एक महत्त्वाचं वळण बघा. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईतच, शिवडीला, १९२८ पासून होता. फोर्डसुद्धा इथे होती. या कंपन्या परदेशातून सुटे भाग आणून इथे गाड्या फक्त जोडायच्या. १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवलं की ज्यांच्याकडे टप्प्याटप्प्याने सगळी गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच राहावं. नुसत्या जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. उरले मोजके: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स, कुर्ल्याला प्रीमियर, मद्रासला स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं या देशातला मध्यमवर्ग मोटार म्हणून जे काही पाहत होता ते जवळजवळ सगळं या तीन ठिकाणांहून येत होतं.

१९५४ च्या सुमारास कुर्ल्याहून फियाट ११०० येऊ लागली. इटलीत ती आदल्याच वर्षी बाजारात आली होती, म्हणजे त्या क्षणी आपण जगाच्या फक्त एक वर्ष मागे होतो! हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. या पहिल्या गाडीची पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मागच्या बाजूला. गोल गरगरीत अंग, म्हणून मुंबईकरांनी तिचं नाव ठेवलं ‘डुक्कर फियाट’. हे नाव हेटाळणीचं नव्हतं बरं का, लाडाचं होतं. मग १९६४ च्या सुमारास आली ‘फियाट ११०० डिलाइट’: चौकोनी बांधा, १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. सत्तरच्या दशकात फियाटबरोबरचा करार संपल्यावर तिचंच नाव आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि लगेच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. राणीचं नाव मिळालं, गाडी तीच राहिली.

इटलीत हे मॉडेल १९६६ मध्ये बंद झालं. कुर्ल्यात ते २००० च्या सुमारापर्यंत बनत होतं. चौतीस वर्षं! एक वर्षाचं अंतर चौतीस वर्षांचं झालं. का? कारण बदलण्याचं कारणच नव्हतं. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्सवर ठरलेलं, किमतीवर सरकारचं नियंत्रण. गाडीची वाजवी किंमत कोणती, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघत होतं, घाई असेल तर वर ‘ऑन’ मोजून दुसऱ्याचा नंबर विकत घेत होतं. दारात रांग लागलेली असताना खानावळवाला भाजी कशाला बदलेल?

टॅक्सीला हीच गाडी का?

आता टॅक्सीकडे येऊ. कलकत्त्याची टॅक्सी अँबॅसडर आणि मुंबईची फियाट, असं का? रुचीचा फरक वगैरे सांगितलं जातं. मला वाटतं उत्तर नकाशात आहे. उत्तरपाडा कलकत्त्याच्या शेजारी आणि कुर्ला तर मुंबईतच. टॅक्सीवाल्याला गाडी घेताना एकच प्रश्न पडतो: बिघडली तर किती वेळ उभी राहील? कारण गाडी उभी म्हणजे त्या दिवसाचा धंदा बुडाला. ज्या गाडीचा कारखाना लोकलने दहा-वीस मिनिटांवर आहे, जिचे भाग बनवणारे छोटे वर्कशॉपवाले शहरभर पसरलेत, ती गाडी त्याला सगळ्यात स्वस्त पडते. खरेदीची किंमत काहीही असो.

त्यात ही गाडी अँबॅसडरपेक्षा आटोपशीर. गिरगावच्या, काळबादेवीच्या गल्ल्यांत वळणारी. पुढे एकसंध बाकासारखी सीट, त्यामुळे ड्रायव्हर दाराला टेकून जरासा तिरका बसायचा. तुम्हाला ती बसण्याची ढब आठवत असेल. बारा-चौदा तास गाडी चालवणाऱ्या माणसाने पाठीला दिलेला तो आराम होता.

आणि दुरुस्ती! आज गाडीचं बॉनेट उघडलं की प्लास्टिकचं झाकण दिसतं. पद्मिनीचं उघडलं की सगळं समोर. कार्बोरेटर, डेल्को, प्लग, फॅन बेल्ट. पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पुरायचा. सेल्फ लागला नाही तर दोघांनी धक्का मारायचा. इंजिन थकलं तर बोअर करून घ्यायचं, पत्रा सडला तर नवा तुकडा वेल्डिंग करून बसवायचा. हे काम शिकायला कॉलेज लागत नव्हतं. बारा-तेरा वर्षांचा पोरगा गॅरेजमध्ये पाने हातात द्यायला लागायचा आणि विशीत उस्ताद व्हायचा. बालमजुरी होती ती, त्याचं कौतुक करू नये. पण ते ज्ञान होतं हेही नाकारू नये. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला व्हॉल्व्ह बिघडलाय ते सांगणारी माणसं या शहरात होती, आणि त्यांनी हे ज्ञान कुठेही लिहून ठेवलेलं नाही.

म्हणजे बघा, ज्या बंद अर्थव्यवस्थेने ही गाडी चौतीस वर्षं बदलू दिली नाही, तिनेच हे दुरुस्तीचं जग उभं केलं. असं जगात इतरत्रही झालंय. क्युबात हवानाच्या रस्त्यांवर पन्नासच्या दशकातल्या अमेरिकन गाड्या दिसतात, त्याचं कारण क्युबन लोकांचं जुन्यावरचं प्रेम हे नव्हे. साठच्या दशकापासून अमेरिकेने व्यापारबंदी केली, नवी गाडी मिळेना, म्हणून आहे तीच जिवंत ठेवायला ते शिकले. टंचाई माणसाला मेकॅनिक बनवते.

एकेक धागा सुटत गेला

१४ डिसेंबर १९८३. इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली गिऱ्हाइकाला दिली गेली. पद्मिनीची उलटी गिनती इथून सुरू झाली असं सगळे म्हणतात आणि ते खाजगी गाड्यांपुरतं खरं आहे. टॅक्सीच्या बाबतीत मात्र वेगळंच घडलं. मध्यमवर्ग मारुतीकडे गेला, तशा वापरलेल्या फियाट आणि त्यांचे भाग बाजारात स्वस्तात यायला लागले. टॅक्सीवाल्यांच्या ते पथ्यावरच पडलं. म्हणून घरासमोरची फियाट नव्वदच्या दशकातच दिसेनाशी झाली, पण टॅक्सी पुढे वीस-पंचवीस वर्षं टिकली.

प्रीमियर कंपनीने धडपड केली नाही असं नाही. १९८५ मध्ये ११८ एनई आणली, नव्वदच्या दशकात फ्रान्सच्या पेजोशी भागीदारी केली, मग पुन्हा फियाटशी. पण स्पर्धेची सवय नसलेल्या कंपनीला एकदम खुल्या मैदानात उतरावं लागलं. संप झाले, भागीदार गेले. कुर्ल्याच्या त्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत. कारखाना गेला, हा पहिला धागा.

दुसरा धागा इंधनाचा. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक टॅक्सीवाल्यांनी डिझेल इंजिनं बसवली. त्याचा धूर किती होता ते वेगळं सांगायला नको. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाच्या सांगण्यावरून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढच्या आदेशांमुळे जुन्या टॅक्स्यांना सीएनजीकडे वळावं लागलं. आता गंमत बघा. जी गाडी पेट्रोलसाठी इटलीत पन्नासच्या दशकात आखली गेली, ती डिझेलवर चालली आणि मग गॅसवरही चालली! डिकीत सिलिंडर बसला, सामानाला जागा राहिली नाही, म्हणून टपावरचं कॅरिअर आणखी महत्त्वाचं झालं. गाडी हरली नाही, तिने जुळवून घेतलं.

तिसरा धागा मात्र तोडणारा होता, तो वयाच्या अटीचा. २००८ मध्ये मुंबईत टॅक्सीचं कमाल वय पंचवीस वर्षं ठरवलं गेलं. २०१३ मध्ये ते वीसवर आलं. आता प्रश्न गाडी चालते का, धूर किती सोडते, ब्रेक लागतात का हा राहिला नाही. प्रश्न फक्त जन्मतारखेचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. त्यात वीस मिळवा. इतक्या सर्वसामान्य गाडीच्या शेवटाची तारीख दहा वर्षं आधीच कागदावर ठरलेली होती.

कलकत्त्यात हाच हिशेब आत्ता चालू आहे. मे २०१४ मध्ये अँबॅसडरचा कारखाना बंद पडला आणि तिथे व्यावसायिक गाडीला पंधरा वर्षांची मर्यादा आहे. बेरीज तुम्हीच करा आणि पिवळ्या टॅक्सीत बसायचं असेल तर बसून या.

दरम्यान इथे रिकाम्या परमिटवर सँट्रो आल्या, वॅगन आर आल्या. मीटर इलेक्ट्रॉनिक झाला. मोबाइलवरून गाडी मागवायची सोय झाली. कुर्ल्यात जन्मलेल्या कितीतरी पद्मिनी कुर्ल्यालाच, सीएसटी रोडच्या भंगारबाजारात, तोडल्या गेल्या. दारं एका ढिगात, रेडिएटर दुसऱ्या ढिगात. कारखाना आणि भंगारबाजार यांच्यात फार अंतर नव्हतं.

वीस आणि पन्नास

आता मूळ मुद्द्यावर येतो. टॅक्सी युनियनने मागणी केली होती की निदान एक तरी पद्मिनी टॅक्सी सरकारने जपावी. मागणीला यश आलं नाही.

जुन्या गाड्या जपण्याबद्दल आपल्याकडे नियम नाही असं नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल, मूळ स्वरूपात असेल, तिच्यात मोठे फेरफार झालेले नसतील, तर तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं मिळतात. चांगला नियम आहे. पण तो टॅक्सीला लावून बघा. वीस वर्षं झाली की टॅक्सी बाद. पन्नास झाली की गाडी वारसा. मधली तीस वर्षं तिने कुठे काढायची? आणि ‘मूळ स्वरूपात’ ही अट! जिचं इंजिन बदललं, जिला सिलिंडर बसला, जिचा पत्रा चार वेळा जोडला, ती गाडी मूळ स्वरूपात नाही. पण हेच तर तिचं आयुष्य होतं! संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली रोल्स रॉइस या नियमात बसते. चाळीस हातांनी दुरुस्त केलेली टॅक्सी बसत नाही.

इतिहासात हे नेहमी होतं. राजाचा पोशाख संग्रहालयात असतो, शेतकऱ्याचं घोंगडं नसतं. कारण घोंगडं वापरून संपतं. जे वापरून संपतं त्याचा इतिहास लिहायला वस्तू उरत नाही, मग निदान माणसांच्या आठवणी, कागद, शब्द तरी गोळा करावे लागतात. आणि त्यासाठी वेळ फार थोडा असतो, कारण पद्मिनीचे उस्ताद आज साठी-सत्तरीत आहेत.

म्हणून एक विनंती करून थांबतो. तुमच्या ओळखीत टॅक्सी चालवलेले, गॅरेज चालवलेले कुणी असतील तर त्यांच्याशी बोला. मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. दिवसाचं भाडं मालकाला किती द्यायचे, रात्री गाडीतच झोपायचे का, गावी पैसे कसे पाठवायचे, कुठल्या आवाजाचा अर्थ काय, हे विचारा. घरात जुनं दरपत्रक, परमिटचा कागद, गॅरेजचं बिल सापडलं तर रद्दीत टाकू नका. शंभर वर्षांनी कुणी या शहराचा इतिहास लिहिला तर त्याला रोल्स रॉइसपेक्षा त्या बिलाचा उपयोग जास्त होईल.



प्रश्नोत्तरे

*प्रश्न: तुम्ही बोललात ते सगळं खरं, पण मी परळला राहते. त्या टॅक्स्यांचा धूर आम्ही वर्षानुवर्षं खाल्लाय. त्या गेल्या हे बरंच झालं नाही का?*

बाई, तुमचं म्हणणं मी शंभर टक्के मान्य करतो. त्या गाड्या रस्त्यावर परत याव्यात असं मी म्हणत नाही. सीएनजीचा आदेश योग्यच होता, आणि उन्हाळ्यात त्या गाडीत बसणं हाही काही आनंद नव्हता. ड्रायव्हरला तर अजिबातच नव्हता. मी स्वतः कित्येक ड्रायव्हरांशी बोललोय, नवी गाडी मिळाली तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू रस्त्यावरून काढणं आणि आठवणीतून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आपण नीट केलं. दुसरं न कळत होऊन जातंय. तुमची धुराची आठवणसुद्धा या इतिहासाचा भाग आहे, तीही टिपून ठेवा.

*प्रश्न: आज आपण रोज पाहतो अशी कुठली वस्तू पुढच्या वीस वर्षांत अशीच जाईल?*

भविष्य सांगणं हे माझं काम नाही. पण एक खूण सांगतो. आज घरी जाताना रस्त्यावर बघा, जी वस्तू इतकी आहे की तिचा फोटो काढावासाच वाटत नाही, तिचा एक फोटो काढून ठेवा.